बीमला हात न लावता बीम मोजायचा कसा? पिप-टू, लेसर आणि आपला वाटा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दीड वाजता ऑन-कॉलचा फोन वाजला. आमची एक सर्व्हिस हळू चालत होती आणि कारण कळत नव्हतं. सगळं नीट दिसावं म्हणून मी डीबग लॉग चालू केले. वीस मिनिटांत सर्व्हरची डिस्क भरली आणि जी सर्व्हिस नुसती हळू होती, ती बंदच पडली. सकाळी आमचे टीम लीड एवढंच म्हणाले, "अरे, मोजायला गेलास आणि पाडून आलास."

अमेरिकेत शिकागोजवळ फर्मिलॅबमध्ये उभ्या राहत असलेल्या पिप-टू या ॲक्सिलरेटरबद्दल वाचताना मला हेच वाक्य आठवलं. तिथल्या इंजिनिअरांपुढेही हाच प्रश्न आहे, फक्त कितीतरी मोठा. बीमची रुंदी मोजायची आहे, पण बीमच्या वाटेत काहीही आणायचं नाही. त्यावर त्यांनी निवडलेलं उत्तर म्हणजे लेसर.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. पिप-टूमध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग भागीदार आहे. त्यासाठीची काही चुंबकं आणि रेडिओ लहरींचे ॲम्प्लिफायर आपल्या मुंबईतल्या, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले आहेत. त्यामुळे हे लेसरचं काम नक्की काय आहे आणि त्यातून आपण काय शिकायचं, ते आज बघू.

आधी पिप-टू म्हणजे काय

फर्मिलॅबला जगातला सर्वात जोरदार न्यूट्रिनो झोत तयार करायचा आहे. हे न्यूट्रिनो जमिनीतून सुमारे १३०० किलोमीटर प्रवास करून साउथ डकोटा राज्यात, जमिनीखाली दीड किलोमीटरवर बसवलेल्या 'ड्यून' या प्रयोगाच्या डिटेक्टरपर्यंत जाणार. न्यूट्रिनो कशाला धडकणं फार दुर्मीळ, म्हणून ते प्रचंड संख्येने लागतात आणि त्यासाठी प्रोटॉनही प्रचंड संख्येने लागतात. सुरुवातीचं लक्ष्य १.२ मेगावॅटच्या प्रोटॉन बीमचं आहे.

फर्मिलॅबचा जुना लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला ॲक्सिलरेटर, १९७० च्या सुमारास सुरू झाला. त्याची ऊर्जा आज ४०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्याच्या जागी पिप-टू येतोय. लांबी सुमारे २१५ मीटर, ऊर्जा ८०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि बहुतेक भाग अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टिंग. मार्च २०१९ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेचे ऊर्जामंत्री रिक पेरी आणि आपल्या अणुऊर्जा विभागाचे तेव्हाचे सचिव शेखर बसू यांनी दिल्लीत न्यूट्रिनो संशोधनातल्या सहकार्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. भारताशिवाय इटली, फ्रान्स, ब्रिटन आणि पोलंडही यात आहेत.

रुंदी मोजायची गरजच काय?

बीम म्हणजे सलग धार नव्हे. कणांचे छोटे छोटे गुच्छ एकामागोमाग धावत असतात. पिप-टूमध्ये एका गुच्छात साधारण १९ कोटी कण असतील. हे गुच्छ पाइपच्या मध्यातून गेले तर काही अडचण नाही. पण बीम पसरला आणि कडेचे कण पाइपच्या भिंतीला लागू लागले, की तिथला धातू किरणोत्सर्गी होतो.

या क्षेत्रात एक साधा नियम पाळतात. एका मीटरमागे एक वॅटपेक्षा जास्त बीम वाया जाऊ द्यायचा नाही. त्याच्यावर गेलं तर मशीन बंद केल्यावरही माणूस जवळ जाऊन हाताने दुरुस्ती करू शकत नाही.

आता हिशेब करा. पिप-टूचा एक पल्स ०.५५ मिलिसेकंदाचा, त्यात सरासरी २ मिलिअँपिअर करंट. त्याला ८०० मेगाव्होल्टने गुणा. पल्स चालू असताना १.६ मेगावॅट होतात. दीड टनाचे हजारभर एसी एकाच वेळी चालवायला लागते तेवढी ही शक्ती. सेकंदाला असे २० पल्स सोडायचे आहेत, म्हणून सरासरी फक्त १७-१८ किलोवॅट निघते. पण हा लिनॅक पुढे अखंड बीम चालवता येईल असा बनवलेला आहे. तसं झालं तर सतत १.६ मेगावॅट. त्यातला मीटरमागे एक वॅट म्हणजे सोळा लाखांतला एक भाग. इतकी छोटी गळती ताब्यात ठेवायची तर बीमची रुंदी जागोजागी माहीत हवी.

जुनी पद्धत कुठे अडते

रुंदी मोजायची जुनी पद्धत अगदी सरळ आहे. कार्बन किंवा टंगस्टनची केसासारखी बारीक तार बीममधून हळूहळू सरकवायची. तार कडेला असताना थोडे कण लागतात, मध्यावर जास्त, पुन्हा कडेला कमी. तारेची जागा आणि मिळालेला सिग्नल यांचा ग्राफ काढला की टेकडीसारखा आकार मिळतो. त्या टेकडीची रुंदी म्हणजे बीमची रुंदी.

यात दोन अडचणी आहेत. पहिली उष्णतेची. तार निर्वात पाइपमध्ये असते, तिला थंड करायला हवा नाही. म्हणून मोजताना बीमचा पल्स मुद्दाम छोटा करावा लागतो. पण पूर्ण पल्सवर बीम अगदी तसाच वागेल याची खात्री कोण देणार? स्टेजिंग सर्व्हरवर दहा युजर टाकून घेतलेली टेस्ट आणि खरा ट्रॅफिक यात जो फरक असतो, तोच हा.

दुसरी अडचण जास्त गंभीर. अतिवाहक कॅव्हिटी आतून कमालीच्या स्वच्छ ठेवाव्या लागतात. एक बारीक कणही आत बसला तर त्या जागेवरून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात आणि त्या कॅव्हिटीचा जोर कमी करावा लागतो. तार तुटली किंवा तिचा कण उडाला, तर बिघडलेली कॅव्हिटी काढून, धुऊन परत बसवण्यात कित्येक महिने जाऊ शकतात. अमेरिकेतच, टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्स नावाचं असंच मशीन २००६ पासून चालू आहे. ते उभारतानाच तिथल्या लोकांनी ठरवलं होतं, की अतिवाहक भागात तार नको.

लेसर नेमकं काय करतो

इथे एक चांगला योग जुळून येतो. या मशीनमध्ये धावतात ते थेट प्रोटॉन नव्हेत. ते एच-मायनस आयन असतात, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन चिकटलेला हायड्रोजनचा अणू. पुढच्या वर्तुळाकार मशीनमध्ये शिरताना त्यांना कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून नेतात. तिथे दोन्ही इलेक्ट्रॉन निघून जातात आणि प्रोटॉन उरतो. या युक्तीने वर्तुळात फेरीमागून फेरी प्रोटॉनची भर घालत राहता येतं.

तो जादा इलेक्ट्रॉन फार सैल बांधलेला असतो. त्याला सोडवायला फक्त ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. वर्कशॉपमध्ये कटिंगला वापरतात त्या जातीच्या १०६४ नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड लेसरचा एक फोटॉन १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. शिवाय आयन प्रकाशाच्या ८४ टक्के वेगाने धावतोय, त्यामुळे आडव्या येणाऱ्या फोटॉनची ऊर्जा त्याला २.१६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भासते. सैल इलेक्ट्रॉन सुटायला हे भरपूर झालं. आतला दुसरा इलेक्ट्रॉन मात्र १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेला, तो जागचा हलत नाही.

म्हणून तारेच्या जागी लेसरचा बारीक झोत बीमला आडवा सोडायचा. तो जिथून जातो तिथल्या काही आयनांचे इलेक्ट्रॉन सुटतात. सुटलेला इलेक्ट्रॉन आयनाच्याच वेगाने पुढे जातो, पण वजनाने तो सुमारे १८०० पट हलका. त्याची ऊर्जा भरते जेमतेम ४३५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. छोट्याशा चुंबकाने तो सहज वळतो, मुख्य बीमवर मात्र त्याचा जेमतेम परिणाम होतो. वळलेले इलेक्ट्रॉन धातूच्या एका वाटीत गोळा करून मोजायचे. समजा एका गुच्छातले एक टक्का आयन लेसरला सापडले, तरी १९ लाख इलेक्ट्रॉन हातात आले. मग आरसा किंचित फिरवून झोत सरकवायचा आणि पुन्हा मोजायचं. ग्राफ तोच, टेकडी तीच. फक्त तार नाही.

बीमचं नुकसान किती होतं? लेसरचा पल्स १० नॅनोसेकंदांचा धरा. गुच्छ सेकंदाला १६ कोटी २५ लाखांच्या ठोक्यावर येतात, म्हणजे तेवढ्या वेळात लेसरसमोरून एक-दोन गुच्छ जातात. बाकीचा सगळा पल्स जसाच्या तसा. प्रयोग चालू असताना, पूर्ण शक्तीवर रुंदी मोजता येते. माझ्या त्या रात्री मला नेमकं असंच काहीतरी हवं होतं.

जिथे या मापाने कोडं समजलं

हे सगळं फक्त कागदावर शोभणारं नाही, याचा पुरावा ओक रिजमध्येच आहे. तिथल्या मशीनने २००९ मध्ये एक मेगावॅटचा टप्पा गाठला. पण अतिवाहक भागात एक गोष्ट खटकत होती. डिझाइनप्रमाणे तिथे बीम जवळजवळ वाया जायलाच नको होता, तरीही थोडी गळती होती. ऑपरेटरांना अनुभवाने कळलं, की चुंबकांचं फोकसिंग सैल करून बीम थोडा पसरू दिला तर गळती कमी होते. हे उलटंच होतं. बीम जितका बारीक तितका चांगला, असं कुणालाही वाटेल.

उत्तर सुचवलं फर्मिलॅबच्या व्हॅलेरी लेबेदेव यांनी. गुच्छात आयन एकमेकांच्या जवळ असले की आपसातच घासले जातात आणि त्यांचे सैल इलेक्ट्रॉन सुटतात. उरलेला तटस्थ अणू चुंबकांना जुमानत नाही, तो सरळ जाऊन भिंतीला लागतो. बीम जितका बारीक, तितक्या या धडका जास्त. खात्री करायला ओक रिजच्या गटाने सुरुवातीलाच पापुद्रा घालून आयनांचे प्रोटॉन केले आणि तोच लिनॅक प्रोटॉनवर चालवून पाहिला. प्रोटॉनला गमवायला इलेक्ट्रॉनच नाही. गळती खूपच कमी झाली. हे काम २०१२ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये छापून आलं.

यातून एक समजतं. 'बीम शक्य तितका बारीक करा' एवढं सांगून भागत नाही. तो कुठे किती रुंद असावा याला एक योग्य मर्यादा असते आणि ती गाठायला माप लागतं. पिप-टूमध्येही हेच एच-मायनस आयन आहेत.

मग अवघड काय आहे?

तत्त्व सोपं आहे, पण बसवणं सोपं नाही. नियोजनाचा खरा कस इथे लागतो.

पहिला प्रश्न, लेसर ठेवायचा कुठे? बोगद्यात ठेवला तर किरणोत्सर्गाने त्याचे इलेक्ट्रॉनिक्स खराब होतील. म्हणून तो बाहेर, स्वतंत्र खोलीत. तिथून झोत आरशांवरून पाइपमधून बोगद्यात न्यायचा. ओक रिजमध्ये एकाच लेसरमधून अशा नऊ ठिकाणी झोत पोहोचवतात. पण इतक्या अंतरावर इमारतीची बारीकशी थरथर, एसीचा वारा, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक, सगळं झोताला हलवतं. आणि झोत हलला तर बीमची रुंदी चुकीची येणार. त्यावर तिथे फीडबॅक लावलाय. कॅमेरा झोताची जागा बघतो आणि आरसा आपोआप दुरुस्त होतो.

दुसरा मार्ग ऑप्टिकल फायबरचा. आपल्या घरी इंटरनेट येतं तशी काचेची तार. सर्नच्या लिनॅक-४ मध्ये लेसर फायबरमधूनच नेला आहे. आरशांची कटकट संपते, पण फायबरमधून फार जोरदार पल्स पाठवता येत नाही. सिग्नल कमकुवत होतो. त्यावर उपाय असा, की लेसर ठरावीक तालावर कमी-जास्त करायचा आणि मोजताना फक्त त्याच तालाचा सिग्नल उचलायचा. गर्दीच्या स्टेशनवर ओळखीचा आवाज कान बरोबर टिपतो, तसं. पिप-टूच्या तयारीत या कमी शक्तीच्या पद्धतीवरही काम झालं आहे.

तिसरा प्रश्न गोंगाटाचा. पाइपमध्ये उरलेल्या थोड्याशा वायूला धडकूनही आयनांचे इलेक्ट्रॉन सुटतात. ते लेसरचे समजून मोजले तर टेकडीच्या कडा खोट्या येतील. आणि गळती ओळखायला नेमक्या कडाच महत्त्वाच्या असतात.

चौथा प्रश्न टायमिंगचा. लेसरचा पल्स आणि गुच्छ एकाच क्षणी एका जागी यायला हवेत. लेसर पिकोसेकंदांचा असेल आणि टायमिंग थोडं थोडं सरकवता आलं, तर रुंदीबरोबर गुच्छाची लांबीही मोजता येते.

पाचवा प्रश्न सर्वात साधा आणि सर्वात जास्त विसरला जाणारा. जागा. दोन क्रायोमोड्यूलच्या मध्ये काचेची खिडकी, छोटं चुंबक आणि ती वाटी बसेल एवढी जागा आराखड्यातच सोडावी लागते. मशीन उभं राहिल्यावर पाइपमध्ये खिडकी कापता येत नाही.

सगळीकडे हाच लेसर चालेल का?

नाही. ही युक्ती सैल इलेक्ट्रॉनवर चालते. ट्रॉम्बेला भाभा केंद्रात लेहिपा हा २० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लिनॅक आहे, पण त्यात प्रोटॉन धावतात. लेसरने त्यांच्याकडून काय सोडवणार? तिथे दुसरे मार्ग लागतात.

इलेक्ट्रॉनच्या बीमसाठी लेसरची वेगळी पद्धत आहे. जपानमध्ये त्सुकुबाच्या केईके प्रयोगशाळेत त्सुमोरू शिंताके यांच्या कल्पनेवरचं एक यंत्र आहे. त्यात एकाच लेसरचे दोन झोत एकमेकांवर सोडून उजेड-अंधाराचे पट्टे तयार करतात आणि बीम त्या पट्ट्यांवरून सरकवतात. बीम पट्ट्यापेक्षा बारीक असेल तर उडणारे गॅमा किरण स्पष्ट कमी-जास्त होतात. जाड असेल तर सगळं सपाट दिसतं. त्या मशीनचं लक्ष्य होतं ३७ नॅनोमीटर उंचीचा बीम, आणि मोजमाप ४० च्या आसपास पोहोचलं. पिप-टूचा बीम मिलिमीटरच्या घरातला, हा त्याच्या हजारो पट बारीक. म्हणजे कोणता कण आणि किती रुंदी, हे आधी ठरतं. मग लेसर.

आपल्यासाठी याचा अर्थ

पिप-टूमधल्या भारताच्या वाट्याची बातमी आपल्याकडे येते तेव्हा तिच्यात कॅव्हिटी, चुंबकं आणि ॲम्प्लिफायर असतात. ते काम मोठं आहेच. २०२१ मध्ये संपलेल्या पिप-टूच्या चाचणीत आपल्याकडचे हे भाग प्रत्यक्ष बीमसोबत वापरले गेले. पण या भागीदारीतून आपल्याला पुढे आपलं मशीन बांधायचं आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने एक गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एच-मायनस लिनॅकची योजना मांडलेली आहे. म्हणजे आयन तेच, अतिवाहक कॅव्हिटी त्याच, आणि आज ना उद्या प्रश्नही तोच.

माझं मत सांगतो. या सहकार्यात आपण कॅव्हिटी बनवायला शिकतोय, तितक्याच आग्रहाने मोजायलाही शिकलं पाहिजे. इंदूरचं केंद्र यासाठी योग्य जागा आहे, कारण लेसर आणि ॲक्सिलरेटर ही दोन्ही कामं तिथे एकाच आवारात चालतात. लेसरवाले आणि बीमवाले आराखड्याच्या पहिल्या बैठकीपासून एका टेबलावर बसले, तर खिडकीची जागा कागदावरच ठरेल. ते नंतरवर टाकलं, तर आपल्याकडे जोरदार मशीन असेल, पण त्याचा जोर वाढवताना अंदाजाने पावलं टाकावी लागतील.

आणि हे काम फक्त भौतिकशास्त्रज्ञांचं नाही. लेसरचं टायमिंग जुळवणं, आरशाचा फीडबॅक, गोंगाटातून सिग्नल काढणं, ग्राफ जुळवणं, यात अर्धं काम सॉफ्टवेअरचं आहे. ओक रिजचं मशीन ज्या एपिक्स या कंट्रोल सिस्टिमवर चालतं ती ओपन सोर्स आहे. कुणीही आपल्या लॅपटॉपवर उतरवून खोटा सेन्सर जोडून बघू शकतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि प्रोजेक्टचा विषय शोधत असाल, तर आरशाचा फीडबॅक हा चांगला विषय आहे. एक लेसर पॉइंटर, एक वेबकॅम आणि दोन छोट्या मोटर पुरतात. फक्त पॉइंटर कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका.

त्या रात्रीनंतर आमच्या टीममध्ये एक बदल झाला. नवीन सर्व्हिसचं डिझाइन लिहिताना 'हे चालू असताना आत काय चाललंय ते कसं बघणार?' हा रकाना आता सुरुवातीलाच भरावा लागतो. तो रिकामा असेल तर डिझाइन परत येतं. माझंही दोनदा परत आलंय.